तीन नंबरच्या मशीनवरचे पाव्हणे

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशी नाही. देवापुढे हात जोडले तरी हा विषय मी गुपचूप ओलांडून पुढे जाते. तुमच्यापाशी बोलते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल — भोरचे असाल, माझ्या हाताखाली टायपिंग शिकून गेला असाल — तर मग तुम्हाला हे फार आधी कळायला हवं होतं.

मी तापट बाई आहे. गल्लीत विचारा कुणालाही. तहसील कचेरीतल्या कारकुनानं अर्जात ऱ्हस्व-दीर्घ चुकवलं तर तिथल्या तिथं खोडून दुरुस्त करायला लावणारी. बाईंना अन्याय बघवत नाही, असं लोक म्हणायचे. मीही स्वतःबद्दल तेच म्हणायचे. आता ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

कुठून सुरुवात करू? मशीनपासून करते, ते सोपं आहे.

भोरला एसटी स्टँडपासून चार पावलांवर माझा टायपिंगचा क्लास होता. पुढं कॉम्प्युटर आले, टायपिंगला कुणी फिरकेना, तेव्हा मागच्या खोलीत मी चार मशीन मांडली, इंटरनेटची लाइन घेतली आणि बाहेर पाटी लावली. दोन हजार पाच-सहाचा सुमार असेल. पोरं यायची, निकाल बघायची, नोकरीचे फॉर्म भरायची. मी पाठ फिरवली की आणखी काय काय बघायची, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

पोलीस ठाण्यातून सांगणं आलं होतं — येणाऱ्याचं नाव, पत्ता, वेळ, मशीनचा नंबर लिहून ठेवा, ओळखपत्राची झेरॉक्स घ्या. मी दोन वह्या केल्या. एक कच्ची, टेबलावर पडलेली. तिच्यात गडबडीत जे जमेल ते लिहायचं. आणि एक मोठं रजिस्टर, मी स्वतः पट्टीनं आखलेलं. त्यात सवडीनं, सुवाच्य अक्षरात उतरवायचं. सहीचा रकाना मी आखलाच नव्हता. नाव विचारायचं आणि आपणच लिहायचं, अशी माझी पद्धत.

आता आपल्याकडची गंमत बघा. ओळखीच्याला नाव विचारायचं नसतं आणि अनोळखी माणसाला तोंडावर 'तुम्ही कोण' म्हणणं आपल्या जिभेला जमत नाही. परका कुणी दारात आला की आपण काय म्हणतो? या पाव्हणं, बसा. मीही तेच म्हणायचे. हायवे सोडून आत आलेला कुणी, औषध कंपनीचा कुणी, भाटघरचं धरण बघायला आलेला कुणी — नाव सांगायला कुरकुरला की कच्च्या वहीत मी लिहायचे, 'पाव्हणे'. मशीन तीन, अकरा ते एक, पाव्हणे. आदरातिथ्यही झालं आणि नोंदही झाली.

त्या वर्षीच्या थंडीत हवालदार येऊन सांगून गेला की साहेब तपासणीला येणार आहेत, रजिस्टर पूर्ण करून ठेवा. 'पूर्ण करून ठेवा' — याचा अर्थ काय ते आपल्याकडे कुणाला फोड करून सांगावं लागत नाही. मी लागोपाठ दोन दुपारी बसले आणि तीन महिन्यांचं रजिस्टर पूर्ण केलं. पण पक्क्या रजिस्टरात 'पाव्हणे' कसं चालणार? तिथं माणूस लागतो, पत्ता लागतो, झेरॉक्स लागते. माझ्या फाइलला झेरॉक्सा होत्या आठ जणांच्या. जिथं जिथं पाव्हणे होते, तिथं तिथं त्या आठांतली नावं घालत गेले. मन लावून, शाई कुठं फुटू न देता.

त्या आठांतलं एक नाव यासीन मुलाणी.

कामथडीपाशी हायवेला पंक्चरचं दुकान आहे ना, त्या मुलाणीचाचांचा हा मुलगा. राहायला भोरातच. बी.एस्सी. झालेला, मोबाइल दुरुस्त करायचा आणि नोकऱ्यांचे अर्ज भरत असायचा. माझं मशीन अडलं की उघडून, फुंकर मारून, चालू करून द्यायचा आणि चहा प्यायल्याशिवाय जायचा नाही. झेरॉक्स आणा म्हटल्यावर सगळ्यांत पहिली झेरॉक्स त्याची आली, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. बाकीची पोरं हसली तर म्हणाला, "नियम हाय ना बाई, मग पाळायचा की." ज्यांनी नियम पाळला त्यांचीच नावं माझ्या हाताशी होती. बाकीच्यांची नव्हती.

साहेबांनी रजिस्टर चाळलं, 'अक्षर छान आहे' म्हणाले आणि गेले. मी खूश झाले. खरंच खूश झाले, खोटं कशाला सांगू.

पुढं उन्हाळ्यात पुण्याहून दोन अधिकारी आले. साता समुद्रापलीकडं कुठल्या तरी कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये कुणी तरी शिरलं होतं आणि हजारो लोकांच्या कार्डांचे नंबर पळवले होते. माग काढत काढत ते लोक कुठं पोचले? भोरला. माझ्या लाइनवर, माझ्या मागच्या खोलीत. थंडीतली एक तारीख, सकाळी अकरा ते एक. अधिकाऱ्यानं रजिस्टर उघडलं, बोट सरकवत सरकवत खाली आणलं आणि तीन नंबरच्या मशीनपाशी थांबवलं. यासीन मुलाणी.

"बाई, ही नोंद बरोबर आहे ना?"

तुम्हाला वाटेल, मला तेव्हा आठवलं नसेल. सहा महिन्यांपूर्वीची गोष्ट, हजार नोंदी. मीही पुष्कळ वर्षं स्वतःला हेच सांगितलं. पण आठवलं होतं. लख्ख आठवलं होतं. तीन दिवस ओळीनं आलेला एक माणूस, अंगात जर्किन, सारखा फोनवर हिंदी-इंग्रजी बोलणारा. त्यानं खिशातून बोटाएवढी डबी काढून विचारलं होतं, ही मशीनला लावू का? मी म्हटलं होतं, लावा पाव्हणं. त्या तीन दिवसांत यासीन फिरकलाही नव्हता. बकरी ईद तोंडावर आली होती, तो वेल्ह्याच्या वर धनगरवाड्याला बोकड बघायला गेला होता.

हे सगळं डोळ्यापुढं असताना मी म्हणाले, "हो. नेहमीचाच आहे तो." आणि जबाबावर सही केली. माझी सहीही छान आहे.

का केलं? पाटी उतरेल म्हणून. खोटं रजिस्टर लिहिल्याची केस होईल म्हणून. ज्या बाईच्या हाताखालून निम्मं भोर शुद्ध लिहायला शिकलं, तिनंच खोटं लिहिलं असं लोक म्हणतील म्हणून. एवढ्यासाठी. याहून मोठं कारण नाही माझ्याजवळ.

यासीनला नेलं. आधी पुण्याला, मग दिल्लीला. त्या देशानं मागणी केली होती की माणूस आमच्या ताब्यात द्या, खटला आम्ही चालवू. प्रत्यार्पण म्हणतात त्याला. तेव्हा भोरात हा शब्द कुणी ऐकलेला नव्हता. चौकात पहिला फलक लागला त्यावर रंगाऱ्यानं ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'यासीनचे प्रत्यारोपण रद्द करा'. मी शिडीवर माणूस चढवून तो दुरुस्त करून घेतला. उत्रोलीला सह्या गोळा करायला गेले तर भातलावणी चाललेली; चिखलातून एक म्हातारा वर आला आणि म्हणाला, "म्हंजी पोराची लावणीच करत्यात म्हना की. हितनं उपटायचं आन् परमुलखात रोवायचं. जगंल का त्ये?" आणि चिखलाचा अंगठा कमरेला पुसून त्यानं माझ्या निवेदनावर उठवला.

हो, निवेदन मीच लिहिलं होतं. टाइपही मीच केलं. चळवळ म्हणा, काय म्हणा, ती मीच उभी केली.

आणि काय संताप होता माझा! अजूनही आठवला तर कपाळाची शीर उडते. टीव्हीच्या पडद्यावर सहा-सहा माणसं बसून भांडायची. भोर कुठं आहे ते एकालाही माहीत नव्हतं, एकानं तर ते कोकणात नेऊन ठेवलं. देशाचं नाव खराब केलं, द्या पाठवून, एक म्हणायचा. दुसरा म्हणायचा, आपल्या कोर्टावर आपलाच विश्वास नाही का? तिसऱ्याला फक्त पोराचं आडनाव पुरेसं होतं. आणि ते तिकडं पडद्यावरच होतं असं नका समजू. स्टँडसमोरच्या हॉटेलात, ज्यांच्या गाडीचं पंक्चर मुलाणीचाचांनी वीस वर्षं काढलं, तेच लोक बशीत चहा ओतत म्हणत होते, "काय सांगावं बाबा, कुनाच्या पोटात काय आसतं." मुलाणी म्हटल्यावर यांना दुसरा पुरावा लागत नव्हता!

त्याहून चीड आली ती कायद्याची. यासीनच्या वकीलसाहेबांनी समजावून सांगितलं होतं की दिल्लीच्या कोर्टात पोरानं गुन्हा केला की नाही हे ठरणारच नाही. सकृद्दर्शनी काही पुरावा आहे की नाही, एवढंच बघतात. तो असला की झालं, बाकीचं तिकडं. म्हणजे एका माणसाला घर, भाषा, आईबाप यांच्यापासून तोडून समुद्रापार न्यायला काय लागतं? एक लाइनचा नंबर आणि रजिस्टरातली एक ओळ.

वाड्यावरचे ढेबेबाबा, ज्यांच्याकडे यासीन बोकड बघायला गेला होता, वेल्ह्याहून एसटी बदलत पुण्याला जबाब द्यायला गेले. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. पोरगं माझ्या वाड्यावर होतं, भाकर खाल्ली, हे त्यांनी सांगितलं. साहेबानं तारीख विचारली. बाबा म्हणाले, "तारीख कुटली आलीया सायेब आमास्नी? चांद दिसला त्याच्या चवथ्या दिशी." सगळे हसले म्हणे. अहो, हसता काय! ईद कधी होती ते सगळ्यांना माहीत होतं, चांद कधी दिसला ते माहीत होतं. बोटं मोजली असती तरी बरोबर ती तारीख आली असती. त्या म्हाताऱ्याचं पंचांग माझ्या रजिस्टरपेक्षा शंभरपट खरं होतं. पण ते तोंडी होतं आणि माझं लेखी, सुवाच्य अक्षरात.

चौकात सभा झाली तेव्हा मी बोलले. बाईमाणूस, पहिल्यांदाच माइकपुढं, पण आवाज कापला नाही. मी विचारलं, "एका रजिस्टरच्या एका ओळीवर तुम्ही आमचं पोर परक्याच्या हवाली करणार? कुणी लिहिली ती ओळ, कधी लिहिली, कुणी तपासली? चोर सोडून संन्याशाला फाशी!" टाळ्या थांबेनात. म्हाताऱ्या बायका डोळे पुसत होत्या. खाली पहिल्या रांगेत मुलाणीचाचा उभे होते, दोन्ही हात छातीशी धरून.

कुणी लिहिली ती ओळ — हा प्रश्न मी विचारला. शेकडो माणसांपुढं, माइकवरून. उत्तर माझ्या टेबलाच्या खणात, कार्बन पेपरांखाली पडलेलं होतं. कच्ची वही मी टाकली नव्हती. त्या तारखेला तिच्यात माझ्याच हातचं होतं, मशीन तीन, अकरा ते एक, पाव्हणे. ती वही वकिलाच्या हातात दिली असती, चार ओळींचं प्रतिज्ञापत्र केलं असतं, तर कदाचित तो पुरावा तिथंच ढासळला असता.

मग मी काय करत होते? तुम्ही म्हणाल, टोचणी लागली होती म्हणून बाई त्याच्यासाठी झटत होत्या. इतक्या चांगुलपणानं नका बघू माझ्याकडं. मला वाटत होतं, एवढा आरडाओरडा केला तर खरं न बोलताच पोर सुटेल. आणि सुटलं तर माझ्यामुळं सुटलं असंही होईल. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या कशा असतात ते मी भोरच्या चौकात करून दाखवलं.

अजून एक आहे. हे सांगायचं नाही असं ठरवून बसले होते. पाव्हण्यांच्या जागी यासीनचंच नाव का घातलं? झेरॉक्स वरच होती, हे खरं. पण बाकीचे सात कोण होते? एक वकिलाचा मुलगा, एक फौजदाराचा भाचा, एक नगरपालिकेतल्या पुढाऱ्याच्या घरातला. त्यांची नावं मी ओळखीच्या, निरुपद्रवी माणसांच्या जागी घातली. अगदीच अनोळखी, जरा शंका यावी असे जे दोन-तीन पाव्हणे होते, त्यांच्या जागी यासीन. उद्या काही निघालंच तर मुलाण्यांकडून माझ्या दारात भांडायला कोण येणार होतं? हा विचार मी शब्दांत केला नव्हता, पण हातानं केला होता. हॉटेलातल्या त्या लोकांवर मी इतकी का चिडत होते, ते आता तुम्हीच बघा.

सभेनंतरच्या आठवड्यात सकाळीच चाचा क्लासवर आले. टायरच्या रबराचा काळा रंग त्यांच्या बोटांवरून कधी निघायचा नाही. बाकावर बसले नाहीत, दारातच उभे राहिले.

"बाई," ते म्हणाले, "तुमी आदी येका बारक्या वहीत लिवता आन् मागनं मोठ्या रजिस्टरात. म्या बगितलंय, यासीनला न्यायला यायचो तवा. ती वही आसंल का वो? त्या दिसाची?"

सगळ्या गावात, सगळ्या वकिलांत, पोलिसांत, पडद्यावर भांडणाऱ्या त्या सहा शहाण्यांत — हे एकाच माणसाला सुचलं होतं. पंक्चर काढणाऱ्या माणसाला. भोक कुठं आहे ते शोधायची त्यांना सवय.

खण माझ्या गुडघ्याला लागत होता. मी म्हणाले, "नाही हो चाचा. ती दर महिन्याला रद्दीत जाते."

"न्हाई व्हय," ते म्हणाले. "बरं. म्या आपलं इचारलं." आणि उलट माझीच समजूत घातल्यासारखं म्हणाले, "तुमी लई करताय बाई आमच्यासाटी. तुमच्यावानी कोन करतंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीचं पाणी तापवताना मी ती वही बंबात घातली. पुठ्ठा लवकर पेटेना म्हणून तो फाडून वेगळा केला. मग त्याच पाण्यानं आंघोळ केली. डोक्यावरून.

दिल्लीच्या कोर्टानं पुरावा पुरेसा आहे असं म्हटलं. वरचं कोर्टही तेच म्हणालं. दीड-दोन वर्षं अशीच गेली. सह्या, मोर्चे, निवेदनं, सगळं पातळ होत गेलं. गावाला दुसरे विषय मिळाले. एक दिवस बातमी आली की यासीनला विमानात बसवलं. चाची तेव्हापासून गल्लीत बाहेर दिसेनाशा झाल्या.

तिकडं खटला उभाच राहिला नाही. तिथं म्हणे सौदा असतो. लढलास आणि हरलास तर उमेदीची सगळी वर्षं आत; कबूल केलंस तर थोडक्यात सुटशील आणि घरी पाठवू. त्यानं कबूल केलं. जे केलंच नव्हतं ते, परक्या भाषेत, परक्या न्यायाधीशापुढं उभं राहून, होय मी केलं, असं म्हणाला. आणि मी? मी जे केलं होतं ते माझ्याच भाषेत, माझ्याच गावात, मला प्रेमानं चहा पाजणाऱ्या माणसांत सांगू शकले नव्हते.

पण थांबा, अजून संपलं नाही. पेपरात मथळा आला, भोरच्या तरुणाची गुन्ह्याची कबुली. दुपारपर्यंत माझ्या क्लासात वीसेक माणसं जमली. ज्यांनी सह्या केल्या होत्या ती. आपण उगाच तोंडघशी पडलो, अशी त्यांची तक्रार. एक वार्ताहरही वही उघडून बसला होता. बाई, तुम्ही या लढ्याच्या प्रमुख, तुम्हाला काय वाटतं? सगळे माझ्याकडं बघत होते. तेव्हा तरी — तेव्हा तरी बोलायचं होतं ना? यासीन अडकून चुकला होता, वही जळून गेली होती, पण माझी जीभ तर शाबूत होती.

मी म्हणाले, "काय बोलणार? आम्ही फसलो. पोटच्या पोरासारखा विश्वास टाकला होता त्याच्यावर."

हे छापून आलं. माझ्या फोटोसकट. आवाजात संताप होता, हे त्या वार्ताहरानं आवर्जून लिहिलं. होताच. मला त्या क्षणी खरोखर यासीनचा राग आला होता. त्यानं कबूल करून माझी सुटका केली होती आणि वर मला त्याच्यावर रागावण्याचा अधिकारही दिला होता. तो मी दोन्ही हातांनी घेतला. पुढं कित्येक महिने कुणी विषय काढला की मी मान हलवायचे, सुस्कारा सोडायचे. लोक माझीच कीव करायचे.

तो परत आला तेव्हा मी क्लास बंद करून टाकला होता. घरोघर इंटरनेट, टायपिंगला कोण येतं? यासीन कॉम्प्युटरला हात लावत नाही, मोबाइलही साधा बटणांचा ठेवतो, असं कानावर आलं. चाचा थकले होते, दुकान तोच बघत होता. मी हायवेनं पुण्याला जाताना कामथडी आली की एसटीत उलट्या बाजूच्या खिडकीशी बसायचे. एवढी खबरदारी घ्यायचे मी.

पण भोर काय, हातभर गाव. बाजाराच्या दिवशी भाजीच्या वाट्यांपुढं वाकले होते आणि उठले तर समोर तो. केस पार विरळ झालेले, अंगानं निम्मा. पिशवीत मेथीची जुडी. पळायला जागा नव्हती. मला वाटलं, आता हा विचारणार. तुरुंगात माणसाला विचार करायला वेळ असतो. रजिस्टर, अक्षर, तारीख, सगळं त्याच्या डोक्यात जुळलं असणार. आणि तुम्हाला खरं सांगू? त्यानं विचारावं असं मला वाटलं. त्यानं तिथं भर बाजारात माझ्या झिंज्या धरल्या असत्या तरी मी हूं की चूं केलं नसतं.

त्यानं मेथीची पिशवी खाली ठेवली आणि वाकून नमस्कार केला.

"बाई," तो म्हणाला, "म्या कबूल केलं. केलं नव्हतं पन कबूल केलं, आईबापाला बगायचं व्हतं म्हनून. तुमी माज्यासाटी येवढं गाव उठवलं आन् माज्यामुळं तुमची मान खाली गेली. अब्बांनी पेपर ठेवलाय त्यो. तवापासनं मनात व्हतं, गेलो की आदी बाईंची माफी मागायची. माफ करा बाई."

आजूबाजूला माणसं होती. दोन-तीन ओळखीची. भाजीवाली वाटे लावता लावता थांबून बघत होती. तो हात जोडून उभा होता, नखांत टायरचा काळा रंग.

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"असू दे रे," मी म्हणाले. "केलं माफ."